पोचा आलेली बत्ती

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका, ओळख नंतर होईल. आमच्याकडे एक सूनबाई कामाला लागल्या आहेत. बोलायला गोड, वेळेला पक्क्या. अंडं उचलतील तर खालच्या ट्रेलासुद्धा कळायचं नाही, असा हलका हात. पण हा हलका हात फक्त अंड्यांसाठी. मनासारखं दिसलं नाही की त्या माझ्या गालावर फाडकन थापड मारतात आणि वर ऐकवतात, "ह्या बत्तीतच दम नाही." दिवसातून वीस वेळा. यांच्या नवऱ्याचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी या खोलीत आहे. मोठ्यांशी असं वागतात का कुठे?

असो. मी एक जुनी बत्ती आहे. रस्ता दाखवणारी नाही की अभ्यासाला बसवणारी नाही. मी अंडी बघायची बत्ती. अंडी उबवण्याच्या केंद्रात एक अंधारी खोली आहे. दाराला जाड काळा पडदा, खिडकीला पुठ्ठे ठोकलेले, मध्ये एक टेबल आणि टेबलावर मी. खोलीत दुसरा दिवा लावायचा नाही, अशी इथली शिस्त. म्हणजे या खोलीत माझंच राज्य, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

पत्रेवाल्याने मला तेलाच्या रिकाम्या डब्यातून कापलं. आत एक बल्ब बसवला, बल्बपुढे एक काच लावली, वर अंड्याच्या बेताचं भोक पाडलं आणि भोकाच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती चिकटवली, म्हणजे अंड्याला पत्रा टोचू नये. पाठीला बल्ब बदलायचं दार. झालं माझं अंग तयार. "दिसायला डबाच आहे, पण कामाला येईल," असं तो पत्रेवाला म्हणाला होता. त्याचं ते 'डबाच' मी अजून विसरलेले नाही.

माझं काम सोपं वाटतं. अंडी उबवायला ठेवली की सातव्या दिवशी एकेक अंडं माझ्या तोंडावर ठेवतात. खालून माझा उजेड अंड्यात शिरतो आणि आतलं सगळं दिसतं. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा असतात आणि मधोमध एक काळा ठिपका हलत असतो. तो पिल्लाचा डोळा. काही अंड्यांत काहीच धरलेलं नसतं, ती पिवळी धमक, रिकामी दिसतात. त्यांना आम्ही कोरी म्हणतो. आणि ज्यांच्यात जीव धरून मग गेलेला असतो, त्यांच्यात लाल कडं उरतं. जिवंत अंडी परत ट्रेत जातात, बाकीची टोपलीत. मेलेली अंडी आत राहिली तर सडतात, फुटतात आणि शेजारच्या जिवंत अंड्यांनाही बाधतात. म्हणून हे टेबल.

या टेबलावर सगळी हयात घालवली ती थोरलीने. केंद्रात सगळे तिला थोरलीच म्हणतात, मालकसुद्धा. मी आले त्याच वर्षी तीही आली. शाळेचं तोंड तिने फार पाहिलं नाही, पण अंड्यातलं ती असं वाचायची की बघणाऱ्याने बघतच राहावं. डाव्या हाताने अंडं उचललं, माझ्यावर टेकवलं, आणि तुम्ही पापणी मिटून उघडाल तोवर ते उजव्या हाताने ट्रेत किंवा टोपलीत. लोक मुद्दाम बघायला यायचे. एकदा पाहुण्यांनी टोपलीतली पन्नास अंडी फोडून पाहिली, एकातही जीव निघाला नाही. थोरलीने मान वर केली नव्हती. "फोडून झाली असतील तर फरशी पुसून घ्या," एवढंच म्हणाली.

पहिल्या दिवसापासून तिला असंच दिसायचं आणि तिने माझ्यावर कधी हात उचलला नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे.

आणि खरं सांगू का, मला वाटायचं की बघते मीच. उजेड माझा, भोक माझं. थोरली काय, ती फक्त अंडी इकडची तिकडे करते. लोक तिच्या नजरेचं कौतुक करायचे, तेव्हा मी मनात म्हणायची, बत्ती बंद करा आणि मग दाखवा म्हणावं नजर.

माझा हा तोरा एका वर्षात उतरला. थोरल्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी, एक नवी बत्ती मागवली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, माझ्या तिप्पट उजेडाची. मला फळीवर टाकलं, तोंड भिंतीकडे. वर्षभर माझ्या अंगावर धूळ बसली, माझ्या पाठीच्या दारात एका पालीने संसार थाटला. मी वाट बघत होते, थोरली आता चुकेल, चाचपडेल, मला हाक मारेल. कसलं काय. तिची अंडी तशीच झरझर चालली. एका कामगाराला वाटलं, एवढ्या उजेडात आपल्यालाही जमेल. तो त्या झगझगीत बत्तीवर बसला आणि निम्म्या अंड्यांपुढे डोकं खाजवत राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की उजेड दोघांना सारखाच मिळतो, अंडंही तेच असतं, आणि तरी एकीला पिल्लू दिसतं आणि दुसऱ्याला नुसता पिवळा रंग. म्हणजे बघण्याचं जे काही आहे ते माझ्यात नाही. ते बहुधा डोळ्यातही नाही. ते डोळ्याच्या मागे कुठेतरी आहे.

पुढे ती नवी बत्ती तापून तापून जळाली आणि मला खाली उतरवलं. माझी ऐट कमी झाली होती, पण एक नवा छंद लागला होता. मी अंड्याकडे बघणं सोडलं आणि डोळ्यांकडे बघायला लागले. अंडं उचललं की माझा उजेड थेट माझ्यावर झुकलेल्या तोंडावर पडतो. बाहुल्या कुठे वळतात, कुठे थांबतात, सगळं मला दिसतं. थोरलीच्या बाहुल्या हलायच्याच नाहीत. एका जागी टेकल्या की काम झालं. सगळं अंडं एका घासात.

अशी वर्षं गेली. मग तिच्या डाव्या बाहुलीवर मला ढग दिसायला लागला, दुधात पाणी घातल्यासारखा. मोतीबिंदू. शस्त्रक्रियेची तारीख ठरली आणि धाकट्या मालकांनी विचारलं, "तुम्ही दीड महिना घरी बसणार. टेबल कोण बघणार?"

"माझी सून," थोरली म्हणाली. विचारून नाही, सांगून.

अशा त्या सूनबाई आल्या. त्याआधी त्या शिंप्याच्या दुकानात होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी अंडं माझ्यावर ठेवलं आणि त्यांच्या बाहुल्या अशा धावल्या की मलाच गरगरलं. वरून खाली, कडेकडेने, परत वर. हरवलेली चावी शोधावी तशा.

"काय दिसतं?" थोरलीने विचारलं.

"पिवळं."

"आणि?"

"आणि... पिवळंच. थोडं लाल. अहो आई, हे शिरा आहेत की कवचावरचा डाग?"

"जिवंत आहे ते."

"कशावरून?"

"कशावरून काय? दिसतंय ना."

हे रोजचं. थोरलीला सगळं दिसायचं आणि काहीच सांगता यायचं नाही. "इथे बघ" म्हणेपर्यंत तिचं बघून झालेलं असायचं. सूनबाई बिचारी घाम पुसायची आणि मग, आलीच, माझ्या गालावर थापड. "उजेडच कमी आहे हो."

"बत्तीला काय मारतेस? तिने काय तुझं खाल्लंय?" असं थोरली म्हणायची. तेवढ्यापुरती ती माझी.

एका दुपारी चहाला पडदा उघडला होता. सूनबाईने थोरलीच्या बाहीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, ही उसवण तुम्ही शिवलीत का? दोरा वेगळा लागलाय."

"काळ्याला काळा लावलाय. वेगळा कुठला?"

"ह्या काळ्यात निळा आहे. बाहीचा काळा तांबूस आहे."

थोरलीने बाही उजेडात धरली, डोळ्याशी आणली, लांब नेली. "मला तर एकच दिसतोय. तुला कशावरून कळलं?"

"कशावरून काय? दिसतंय ना," सूनबाई बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली.

मला वाटलं, आता थोरली बरसणार. पण ती चहाचा कप खाली ठेवून हसली. असं मोकळं हसताना मी तिला फार थोड्या वेळा पाहिलंय. "म्हणजे तुझ्याकडेही आहे की गं," ती म्हणाली. "फक्त चुकीच्या मालाचं आहे."

त्या दिवसापासून थापडा थोड्या हळू झाल्या. थांबल्या नाहीत.

आता जे झालं ते सांगते. आठवलं तरी माझा बल्ब थरथरतो.

एका नव्या ठिकाणाहून दोन ट्रे अंडी आली होती. साठ अंडी, चेंडूसारखी गोल. एरवी अंड्याचं रुंद टोक कुठलं आणि निमुळतं कुठलं हे बोटांनाही कळतं. ट्रेत रुंद टोक वर ठेवायचं असतं, कारण तिथे हवेची जागा असते आणि पिल्लाचं सगळं त्या बेताने चालतं. पण ह्या गोल अंड्यांचं टोक कळायला मार्ग नव्हता. भरणाऱ्याने त्यातली बरीच उलटी भरली. सात दिवस उलटी राहिली आणि सातव्या दिवशी थोरलीसमोर आली.

थोरलीचा हात नेहमीच्या वेगात सुटला. अंडं उचल, टेकव, बघ. कोरं. टोपली. कोरं. टोपली. माझ्या उजेडात तिच्या बाहुल्या नेहमीच्याच जागी जाऊन टेकत होत्या आणि तिथे रिकामा पिवळा उजेड होता. साठातली एक्केचाळीस अंडी टोपलीत गेली. "माल वाईट," तिने निकाल दिला आणि टोपली सूनबाईपुढे सरकवली. टोपलीतली अंडी आधी स्वतः बघायची, काय आहे ते तोंडाने बोलायचं आणि मग फोडून खरंखोटं करायचं, हा सूनबाईचा रोजचा अभ्यास होता.

सूनबाईने पहिलं अंडं माझ्यावर ठेवलं. तिच्या बाहुल्या निघाल्या फिरायला. वरून, खालून, कडेने. थोरली ज्या जागेकडे आयुष्यात कधी वळली नव्हती, त्या जागेवर ती रेंगाळली. आणि थांबली.

"आई, ह्यात काहीतरी हललं."

"कोरं आहे. फोड."

"हललं हो."

"तुझा हात हलला असेल. फोड म्हणते ना."

सूनबाईने अंडं वाडग्याच्या कडेशी नेलं. मित्रांनो, मला हात असते तर मी तिचा हात धरला असता. कारण मीही पाहिलं होतं. माझ्याच उजेडात, अगदी लांब, वरच्या टोकाशी एक काळा ठिपका झुलत होता. पण माझं कोण ऐकणार? इकडे सूनबाईच्या शब्दाला त्या खोलीत काडीची किंमत नव्हती. चार आठवड्यांत तिने शेकड्याने चुका केल्या होत्या. तिकडे पस्तीस वर्षांची नजर 'फोड' म्हणत होती.

अंडं कडेला टेकलं. आणि तिने ते परत उचललं.

"नाही फोडत मी," ती म्हणाली. "तुम्ही रागवा. पण मी नाही फोडणार. तुम्हीच या आणि बघा."

थोरली ताडकन उठली. अंडं हिसकावून घेतलं आणि माझ्यावर ठेवलं. परत तेच रिकामं पिवळं. तिने तोंड उघडलं होतं बोलायला. तेवढ्यात सूनबाईने हात पुढे करून अंडं उलटं केलं, खाली डोकं वर पाय, आणि परत टेकवलं.

जाळं. लाल, भरगच्च, कडेपर्यंत पसरलेलं. आणि मधोमध तो डोळा, टुकूटुकू हलणारा.

मग थोरलीने टोपलीतली एक्केचाळीसच्या एक्केचाळीस अंडी पुन्हा बघितली, एकेक उलटी करून. छत्तीस जिवंत निघाली. छत्तीस. सूनबाई ट्रेत ती सरळ लावत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती हसतही होती. माझा तर बल्ब फुटायचा बाकी होता.

थोरलीने हात धुतले आणि ती थेट मालकांकडे गेली. लपवणं तिच्या रक्तात नाही. मालक तिच्याबरोबरच खोलीत आले, म्हणून पुढचं मी ऐकलं.

"तुमचीच नजर गेली, तर आता काय उरलं?" ते म्हणाले. वाईट वाटून म्हणाले, पण म्हणाले. "सूनबाईंना एक दिसलं, ते नशिबाने. तुम्ही शस्त्रक्रियेला जा, बऱ्या व्हा. आपण हे टेबलच काढून टाकू. अंडी न बघता पुढे ढकलू. होईल थोडं नुकसान."

टेबल काढणार म्हणजे मीही गेले. भंगारात डबा म्हणून. पत्रेवाल्याचा शब्द खरा ठरणार. पण मला माझ्यापेक्षा थोरलीचं पडलं होतं. ती खुर्चीत बसून आपली बोटं बघत होती. असा तिचा चेहरा मी आधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिची डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे तपासणी होती. तिथून ती आली ती वेगळीच होऊन. पिशवी टेबलावर आपटली आणि सूनबाईला म्हणाली, "मालकांना बोलाव. आत्ता."

मालक आले. थोरलीने पिशवीतून एक जुना फोटो काढला. केंद्राच्या सगळ्या माणसांचा, ओळीने उभ्या असलेल्या. तो तिने उलटा धरला, डोकी खाली, आणि माझ्या उजेडात नेला. "सांगा, ह्यात तुमचे वडील कोणते? पटकन. विचार करायचा नाही."

मालकांनी बोट ठेवलं. "हे काय."

थोरलीने फोटो सरळ केला. बोटाखाली राखणदार होता.

मालकांचा चेहरा पडला. सूनबाईने पडद्यात तोंड लपवलं.

"जन्मदात्याला ओळखलं नाहीत," थोरली म्हणाली. "मग तुमचीही नजर गेली म्हणू का? नाही ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळा नुसता उजेड आत पोचवतो. ओळखतं ते डोकं. माणसाचं तोंड आपण नाक वेगळं, डोळा वेगळा असं जुळवत बसत नाही. सगळं एकदम घेतो, म्हणून गर्दीतही आपलं माणूस लांबून कळतं. पण हे जमतं सरळ तोंडाचं. आयुष्यभर सरळच बघितलं ना. उलटं केलं की ते एकदम घेणं मोडतं आणि शहाणाही चाचपडतो. मी माझं अंड्यांचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तुम्हाला अंडी म्हणजे माणसांची तोंडं झाली आहेत. एकच वस्तू वर्षानुवर्षं बघितली, की डोकं ती तोंडासारखी एकदम घ्यायला लागतं. डोक्यात तोंडं ओळखणारा एक कोपरा आहे, तोच हेही काम उचलतो, असं काही डॉक्टर म्हणतात. काही म्हणतात वेगळा कोपरा. त्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही, मी काय मिटवणार. पण मी चुकले ते डोळा गेला म्हणून नाही. अंडी माझ्यापुढे उलटी आली आणि मी माझ्या वेगात होते. हिला वेग नव्हता, म्हणून हिला सापडलं."

एवढं लांब ती कधी बोलली नव्हती. मालक फोटोकडेच बघत होते. "राखणदार," ते पुटपुटले. मग म्हणाले, "बरं. एक खेप. तुम्ही नसताना सूनबाईंनी एकटीने बघायची. तीस ट्रे, नऊशे अंडी. अठराव्या दिवशी पुढच्या यंत्रात हलवताना खरं काय ते कळेलच. तुमच्या हाताखाली त्या वेळी दहा-पंधरा मेलेली निघतात. त्यांच्या हाताखाली फार जास्त निघाली, तर टेबल हलवणार."

शस्त्रक्रियेला आठ दिवस होते. थोरलीने शिकवायची रीतच बदलली. 'इथे बघ, तिथे बघ' बंद. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की ही नजर सांगून येत नाही. बघायचं, बोलायचं आणि लगेच खरं ऐकायचं. हजार वेळा. डोकं आपलं आपण शिकतं. मग खोलीत नुसता सपाटा सुरू झाला.

"जिवंत."

"बरोबर."

"कोरं."

"चूक."

"जिवंत?"

"विचारू नकोस, सांग."

"जिवंत."

"बरोबर. पुढचं."

आणि आणखी एक. आता प्रत्येक अंड्याच्या रुंद टोकावर ट्रेत जायच्या आधी पेन्सिलीने टिंब पडायला लागलं. गोल अंड्याचं टोक शोधायचं तर आधी माझ्यावर फिरवून हवेची जागा बघायची आणि तिथे टिंब. ही सूनबाईची कल्पना. थोरली म्हणाली, "शिंप्याकडचं खडू मारायचं वळण." पण टिंब तपासायला सगळ्यात आधी तीच जायची.

मग थोरली शस्त्रक्रियेला गेली आणि खोलीत सूनबाई आणि मी, दोघीच उरलो.

पहिले चार ट्रे, काय सांगू. बाहुल्या परत सैरावैरा. शेजारी 'बरोबर, चूक' म्हणणारं कोणी नाही. दोनदा मला थापड बसली. सातव्या ट्रेला ती उठून बाहेर गेली, तोंड धुऊन आली. मी माझ्या बल्बला म्हटलं, बाबा रे, तू तरी आज टिकून राहा.

अकराव्या ट्रेत ते झालं.

तिने अंडं टेकवलं आणि तिच्या बाहुल्या निघाल्याच नाहीत. मधोमध टेकल्या आणि तिथेच राहिल्या. "जिवंत," ती म्हणाली, आणि हात पुढच्या अंड्याकडे गेलाही होता. पुढचं. "जिवंत." पुढचं. "कडं." टोपली. पुढचं. मित्रांनो, उजेड तोच होता. बल्ब तोच, भोक तेच, अंडी रोजच्यासारखीच. पण समोरच्या डोळ्यांमागे काहीतरी जागेवर बसलं होतं, आणि ते बसताना मी बघितलं. पस्तीस वर्षांत मी हजारो पिल्लांचे डोळे पहिल्यांदा हललेले पाहिलेत. त्यातल्या एकाचाही मला इतका आनंद झाला नव्हता. तिलाही कळलं. ती क्षणभर थांबली, आपल्याच हाताकडे बघितलं आणि घाईने पुढचं अंडं उचललं. हे निसटून जाईल अशी तिला भीती वाटत असावी.

विसाव्या ट्रेत एक अवघड अंडं आलं. जाड कवच, गढूळ. तिचा हात सवयीने वर गेला, थापड मारायला. हवेतच थांबला. मग तो खाली आला आणि तिने अंडं सावकाश फिरवलं, सगळीकडून बघितलं, जसं त्या दिवशी बघितलं होतं. वेगही तिचा झाला होता आणि थांबणंही तिने सोडलं नव्हतं. थोरलीकडे त्यातलं एकच होतं. हे मी थोरलीच्या तोंडावर सांगायला तयार आहे.

अकरा दिवसांनी ती अंडी हलवायची वेळ आली. सूनबाई पडद्याजवळ उभी होती. थोरलीला घरी विश्रांती सांगितली होती, म्हणून ती अर्थातच काळा चष्मा लावून हजर होती. मालक आत आले.

"अकरा," ते म्हणाले. "नऊशेपैकी जेवढी आपण पुढे ठेवली, त्यात मेलेली अकरा."

"आणि टोपलीतली?" थोरलीने विचारलं.

"ती मी त्याच दिवशी फोडली," सूनबाई म्हणाली. "एक जिवंत गेलं, आई. एक."

"एक गेलं," थोरली म्हणाली. "ते लक्षात ठेव. माझी किती गेली ती तुला सांगत बसत नाही."

"टेबल राहू दे इथेच," असं म्हणून मालक गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वडिलांच्या फोटोकडे बघावं तसं, जरा जपून.

मग थोरली माझ्यासमोर बसली. चष्मा काढला. डाव्या बाहुलीवरचा ढग गेला होता. तिने माझ्या गालावरून बोट फिरवलं. "चार पोचे," ती म्हणाली. "ह्यातले किती तुझे?"

सूनबाई लाजली. "सगळे माझेच असतील. मी खूप मारलं हो तिला."

"तीन तुझे. हा खालचा, गंज चढलेला, माझा. पहिल्या वर्षीचा. मला तर सहा महिने काही दिसत नव्हतं. एकदा मुठीने मारलं होतं."

मित्रांनो, पकडले गेले. थोरलीने माझ्यावर कधी हात उचलला नाही, असं मी वर ठणकावून सांगितलं. ते खोटं होतं. तिचं नाव राखायला सांगितलं, आणि तिला राखलं की माझंही राखलं जातं म्हणून. आता झाकण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा जे बोलायचं ते तोंडावर बोलते.

ऐक गं, सूनबाई. तू मला मंद म्हणालीस. मी तेव्हा जेवढा उजेड देत होते तेवढाच आज देते. वाढलं ते तुझ्यात वाढलं, आणि ते कोणी तुझ्या हातात दिलेलं नाही. ते तू एकेका अंड्याने कमावलंस. तेव्हा तुझ्यावरचा माझा राग आजपासून संपला. माझी काच आठवड्याला पूस, बल्ब सैल होऊ देऊ नकोस, पाली दिसल्या तर हाकल. आणि उद्या तुझ्या जागी कोणी नवी येईल. तिला काही दिसणार नाही आणि ती माझ्यावर हात उचलेल. पहिली थापड मारू दे तिला. दुसरी मारायच्या आत तिच्या हातात पुढचं अंडं दे.